दोन चिंचोके

चिंचोके माझ्याच घरचे होते. खेळ घेऊन पुण्याहून आलेल्या मुलीकडे पाणी म्हणून वापरायचे निळे मणी कमी पडले, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात घरी जाऊन डबा भरून आणला. दारात चिंच आहे, चिंचोक्यांना काय तोटा!

खेळ देवळाच्या सभामंडपात होता. पुठ्ठ्यावर आमचंच शिवार काढलेलं, ओढा, विहीर आणि वरच्या अंगाला बंगले. प्रत्येकानं दुसऱ्या कुणाचं तरी सोंग घ्यायचं. दर फेरीला ती मुलगी पाऊस म्हणून मूठभर चिंचोके परातीत टाकणार, ज्याचं बोअर खोल त्यानं आधी उचलायचे. कुणाचे संपले तर त्यानं दुसऱ्याशी बोलणी करायची. खरं भांडण लागायच्या आधी खोटं भांडून बघायचं, असं ती म्हणाली. लोक म्हणाले, हा काय पोरखेळ! तरी बसले, चहा होता म्हणून.

मला मात्र त्या खेळाची आस होती. आमची विहीर दिराची नि माझी, अर्धी अर्धी. नवरा गेल्यापासून चार दिवस दिराची मोटार, चार दिवस माझी. एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांनी माझ्या पाळीत मोटार चालवली आणि माझा ओंबीवर आलेला गहू वाळला. तेव्हापासून बोलणं बंद. काय सांगायचं ते जावेमार्फत. त्यात आता एक बंगलेवाला दिराच्या हिश्शामागं लागला होता. पलीकडच्या तुंगार्लीत बंगले बांधायला जागा उरली नाही, म्हणून आमच्या गळ्याशी आलेले लोक. तो विहिरीत शिरला की माझी पाळी संपलीच. दीर हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते.

चिठ्ठ्या काढल्या. मला निघाला बंगलेवाला. दिराला निघाली विहिरीत अर्धा हिस्सा असलेली विधवा बाई. सगळा मंडप खदखदून हसला. मी नाही हसले.

आणि काय खेळला हो तो माणूस! उपरणं पदरासारखं डोक्यावर घेतलं आणि म्हणाले, "माझ्या सासूनं मातीच्या पाट्या उपसल्यात ह्या हिरीच्या. मी न्हाई विकायची!" शब्द न् शब्द माझा. जावेकडं मी जे जे बोलले होते ते त्यांच्या कानावर जात होतं, आणि तिथं राहतही होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग मीही त्यांचंच बोलणं त्यांच्या तोंडावर फेकलं. "पोरं कुटं शेती करनारेत? धरून बसून काय मिळतंय?" ते तसूभर हलले नाहीत.

तिसऱ्या फेरीला त्यांच्यापुढं एकही चिंचोका उरला नाही. माझ्यापुढं ढीग. मुलगी म्हणाली, "आता बोलणी करा." कितीतरी वर्षांनी दिरानं माझ्याकडं सरळ बघितलं. मला साहेब म्हणायचं होतं त्यांनी, पण म्हणाले, "वहिनी, दोन द्या. रोपापुरतं."

मला तो वाळलेला गहू दिसला. बाकी काहीच दिसलं नाही.

"न्हाई," मी म्हणाले. "पाळी माझी हाये."

टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "लय भारी सायेब हाये ही!" मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दिरानं उपरणं खांद्यावर टाकलं आणि चहा न घेताच गेले.

पंधरवड्यात वडगावच्या कचेरीत दिराच्या हिश्शाचं खरेदीखत झालं. माझी जाऊ सांगायला आली, उंबऱ्याशीच थांबली. म्हणाली, "त्यांचं मन व्हत न्हवतं, अक्का. त्या दिशी घरी आले न् म्हनले, खेळात दोन चिंचोके देईना, ती खऱ्यात अडीनडीला पानी देईल व्हय? मग कुनासाठी धरून ठिवू?"

मी बरं म्हणाले. रडू आलं नाही, रागही आला नाही. तव्यावर भाकरी होती ती उलटली.

आता माझ्या पाळीला मोटार लावते तर थोड्या वेळात घरघर करून हवा ओढायला लागते. मी बंद करते. गावातल्या बाया विचारतात, जीव तळमळत असेल ना तुझा? काही वाटत नाही. मुंग्या आलेल्या पायाला चिमटा काढावा, तसं आहे.

खेळ संपल्यावर मुलीनं डबा परत दिला होता. तो फळीवर तसाच आहे. घ्या म्हणायला माझं काय जात होतं? चिंचोकेच होते.