‘ऊर्फ’च्या पुढची जागा

मुनीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या कोर्टात होतो. एका जुन्या भांडणाच्या केसमध्ये पंच म्हणून माझी साक्ष होती. खरं सांगेन अशी शपथ घेऊन, वकिलांच्या चार प्रश्नांना उत्तरं देऊन बाहेर व्हरांड्यात आलो, तर मोबाइलवर रजियाभाभींचे तीन मिस्ड कॉल. मी उलटा फोन लावला. “दत्ताभाऊ, तुमचे दोस्त गये,” एवढंच त्या बोलल्या. सकाळी दुकान उघडलं, खुर्चीत बसला आणि तसाच... त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगून टाकतो. मला सुटल्यासारखं वाटलं. आता त्याला कधीच कळणार नाही, असं वाटलं. मग घनसावंगीच्या बसमध्ये बसलो आणि दुसरी शंका आली. त्याला आधीच कळलेलं असेल तर? आणि जाण्याआधी त्याने ते कुणापाशी बोलून ठेवलं असेल तर?

जनाज्याला मी खांदा दिला. कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर लिंबाच्या झाडाखाली एक माणूस उभा होता. हमीद, रजियाभाभींचा सख्खा भाऊ, कुंभार पिंपळगावात गाद्या भरून देणारा. तो आत आला नाही आणि कुणी त्याला बोलावलंही नाही. बारा वर्षं त्याने मुनीरच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. त्याचं कारण मी होतो, आणि हे त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं... निदान तेव्हा मी तसं समजत होतो.

मुनीरचं दुकान घनसावंगीच्या बस स्टँडजवळ. त्याचे वडीलही तिथेच घड्याळं दुरुस्त करायचे. माझे वडील मेंढरं राखायचे, घरात घड्याळ नव्हतं. काटे वाचायला मी शिकलो ते त्या दुकानाच्या फळीवर बसून. पुढे कॉलेजच्या दिवसांत मी, मुनीर आणि हमीद अंबडच्या टॉकीजला दुपारच्या खेळाला जायचो. तिथे एकदा एक हिंदीत डब केलेला परदेशी सिनेमा लागला होता, जुन्या काळातला, बदल्याचा. एका देशाची माणसं मारली जातात आणि तिथलं सरकार गुपचूप चार जणांना बदला घ्यायला धाडतं. त्यांना दर वेळी एक पाकीट मिळतं, आत टाइप केलेलं एकच नाव. ते नाव संपवलं की पुढचं पाकीट. चौघांतला एक घड्याळजी, तो स्फोटासाठी टायमर बनवायचा. पडद्यावर त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि मी ओरडलो, “मुनीऱ्या, तुझा भाऊ बघ!” हमीदने शिट्टी मारली. त्या दिवसापासून आम्ही दोघं मुनीरला टायमर म्हणायला लागलो. बाकी कुणी म्हणत नसे. ते आमच्या तिघांतलंच नाव होतं.

परतताना बसमध्ये मुनीर तिकिटाच्या घड्या घालत होता. मग एकदम म्हणाला, “त्या तिसऱ्याला काहून मारलं? पाववाला व्हता बिचारा. त्याचा गुन्हाच कुठं दाखवला न्हाई.”

“पाकिटात नाव व्हतं ना त्याचं,” मी म्हणालो.

“मंग लिहिलं कोनं?”

“सरकारनं.”

“सरकारला काय हात असतात बे?” तो म्हणाला, आणि हमीद एवढा हसला की कंडक्टरने मागे वळून पाहिलं.

पुढे मी गावचा पोलीस पाटील झालो. बारा वर्षांपूर्वी लांबच्या एका मोठ्या शहरात स्फोट झाले, माणसं मेली. टीव्हीवर दिवसभर एकच चाललं होतं, सोडायचं नाही, बदला घ्यायचा. त्याच आठवड्यात मला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. साहेब वाईट नव्हते, थकलेले होते. म्हणाले, “पाटील, तुमच्या माहितीतल्या संशयितांची नावं द्या. कोरा कागद पाठवू नका, वरून विचारतात.” छापील तक्ता होता. नाव, वडिलांचं नाव, वय, धंदा, ऊर्फ. मी बसलो. खरं सांगतो, माझा कुणावरही संशय नव्हता. पण वडिलांच्या नावासकट, वयासकट ज्याचे सगळे तपशील मला पाठ होते असा गावातला मुसलमान एकच होता. मैत्री होती म्हणूनच पाठ होते. याच्याकडे काही सापडणारच नाही, दोन प्रश्न विचारतील आणि सोडतील, असं मी स्वतःला समजावलं आणि मुनीरचं नाव लिहिलं. धंदा, घड्याळ दुरुस्ती. ऊर्फचा रकाना मोकळा दिसत होता. कोरं काही ठेवायचं नाही हे डोक्यात बसलेलं... मी तिथे ‘टायमर’ लिहिलं.

लिहून झाल्यावर मी ते वाचूनही पाहिलं नाही. वाचलं असतं तर मला तरी कळलं असतं की त्या कागदावर थट्टेचं नाव थट्टेचं राहत नाही.

मुनीरला दुकानातून उचलून नेलं, तो दीड महिन्याने परत आला. या दीड महिन्यात मी भाभींसोबत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, तो भला माणूस आहे म्हणून लिहून दिलं. लोक म्हणाले, दोस्त असावा तर असा. ईदला भाभींनी डबा भरून शीरखुर्मा पाठवला आणि मी तो खाल्ला. मुनीरच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. कुठे ठेवलं होतं, काय झालं, ते तो कधी बोलला नाही. नंतर चिमटा डाव्या हातात धरायला शिकला. एका दुपारी दुकानात चहा पिताना, कपाकडे बघत म्हणाला, “तिथं मला मुनीर कोनीच म्हनलं न्हाई, दत्ता. टायमर म्हनायचे.”

त्याने कप फळीवर ठेवला.

“हे नाव तिघांनाच माहीत. मी, तू आन हमीद.”

तेव्हा मी बोलू शकलो असतो. बोललोही... पण काय बोललो? “हमीदचं तोंड सैल हाय. बसतो कुठंबी, बोलतो कायबी.” एवढंच. आयुष्यात मी दोन नावं दिली. पहिलं भीतीने दिलं असं म्हणता येईल. दुसरं मी मित्राच्या दुकानात, त्याचा चहा पीत दिलं.

हमीदचं येणं बंद झालं. भाभींची आई वारली तेव्हा त्या माहेरी गेल्या त्या उभ्या उभ्या, आणि माती झाल्या झाल्या परतल्या. आणि मी मात्र रोज दुकानात. मुनीर मला सोडत नव्हता. एक दिवस गेलो नाही तर फोन, “काय करून राह्यला? ये की.” सुरुवातीला मला बरं वाटायचं. मग शंका यायला लागली. कुठला तरी फॉर्म भरताना मी त्याची जन्मतारीख न विचारता लिहिली, तर हसून म्हणाला, “तुला माझं समदं बराबर पाठ हाय, न्हाई का?” त्या हसण्यात काही होतं का? मी कितीतरी दिवस ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी त्याने तोच सिनेमा मोबाइलवर शोधून काढला. दुकानात बसून आम्ही दोघांनी पाहिला. शेवटी चौघांतला एक वाचतो, पण त्याला झोप नाही. दाराशी कुणी आलं की त्याला वाटतं, आता माझ्या नावाचं पाकीट निघालं असेल. सिनेमा संपला. मुनीर म्हणाला, “मारनारे समदे दाखवले रे. पाकीट लिहिनारा एकदाबी दिसला न्हाई.” आणि माझ्याकडे न बघता भिंग डोळ्याला लावलं.

कमावता झाल्यावर वडिलांना घेऊन दिलेलं एक चावीचं घड्याळ मी त्यांच्यामागे जपलं होतं. तेही त्याच्याकडेच दुरुस्तीला पडून होतं. विचारलं की म्हणायचा, पुर्जा मिळत नाही.

मुनीरच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी भाभींनी मला दुकानात बोलावलं. खणातून एक छोटं खाकी पाकीट काढून पुढे ठेवलं. अशा पाकिटांत तो गिऱ्हाइकांची घड्याळं ठेवायचा, वर नाव लिहून. माझ्या पाकिटावर त्याच्या डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘दत्ता ऊर्फ’. पुढे जागा सोडलेली. काहीच लिहिलेलं नाही.

“वो बोलते थे, दोनों में से एक हय,” भाभी म्हणाल्या. “एक को घर से दूर रखा, एक को नजर के सामने. बोलते थे, जो हय वो खुद बोलेगा. तुम रोज आते थे, भाऊ... रोज राह देखते थे वो.”

मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. त्यांनी पदर डोक्यावर नीट केला आणि खण बंद केला. “मेरे को काय को सुनाते? हमीद को जाके बोलो.”

कुंभार पिंपळगावात हमीद कापूस पिंजत होता. भुवया पांढऱ्या झालेल्या. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू येईना, म्हणून मला तेच वाक्य दोनदा म्हणावं लागलं. त्याने मशीन बंद केली.

“बारा वर्सं मी सोच करून राह्यलो,” तो म्हणाला, “की टायमर हे नाव मी कुठं बोललो आसन. हॉटेलात? मशिदीपाशी? कोनासमोर? करून करून मलाच वाटाया लागलं, माझ्याच तोंडून गेलं. दफनाला आत आलो न्हाई, कारन मलाच माझा भरोसा न्हाई राह्यला, पाटील.” त्याने हाताला चिकटलेला कापूस काढला. “मला एकट्याला सांगून काय व्हनार? ज्यांनी मला भाईरच उभं राहू दिलं, त्यांना कळू दे.”

म्हणून हे लिहिलं.

निघताना मी त्याला पाकीट दाखवलं होतं. आतलं घड्याळ काढून चावी दिली, तर लगेच चालू झालं. कधीचंच दुरुस्त होऊन पडलं होतं. हमीदने पाकीट हातात घेतलं, ‘ऊर्फ’च्या पुढची मोकळी जागा पाहिली. मी विचारलं, इथं काय लिहू?

“तुझं तू लिही,” त्याने पाकीट परत दिलं. “लिहिता येतं तुला.”