पाठीले पाठ

काल नातीले खोकला झाला म्हणून सुनेनं विस्तवावर ओवा टाकला, आन् त्या वासानं मले मानमोडीच्या तापाची साथ आठवली. गावोगाव माणसं मरून राह्यली होती. माझी बायको अंगानं भारी; ती बसली की बैलगाडी कलते, असं मीच चारचौघांत हसून सांगत होतो. ती तापानं पडली आन् तिसऱ्या दिवशी तिची छाती घरघरू लागली. वैद्यानं मले अंगणात नेऊन सांगितलं, "हाडकुळे टिकले नाहीत, हिचं तर एवढं जड अंग. आशा ठेवू नको." घरात आलो, पाणी पाजाले तिले उठवून बसवलं, तर घरघर कमी झाली, निजवलं की पुन्हा वाढे. मंग भिंतीले पाय रोवून मीच तिच्या पाठीले पाठ लावून बसलो. घरात ओव्याचा धूर, आन् तिच्या अंगाचा ताप माझ्या सदऱ्यातून लागत होता. "तुमची पाठ मोडन न," ती म्हणे. "मोडू दे. तू दम घे." "गाडी कलते म्हणता न मले?" "कलू दे." पाय सुन्न झाले, पण हललो नाही. दिवेलागणीले ती बोलली, "भाकर हाय का घरात?" तिच्या खाण्याले हसणारा मी, त्या दिवशी रडत रडत चूल पेटवली. मंग आमी म्हातारे होईस्तोवर सोबत राह्यलो. औंदा पोळ्याले ती गेली. काल नातीले माझ्या पाठीले टेकवून बसवलं. पोरीचं वजन काहीच नाही, पण दम सुरळीत चालला होता.