गाडीला डोळेच नव्हते

निवृत्त झालो, तरी तिगाव रस्त्यावरची ती घटना मनातून जात नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पांढुर्ण्याला नवा ठाणेदार. दसऱ्याला एक शेतमजूर नवरा-बायको दीक्षाभूमीवरून परतले. तिगाव स्टेशनला उतरून पांढऱ्या कपड्यांत पायी घरी निघाले. अजून उजेड होता. समोरून आलेल्या मोटारीने नवऱ्याला उडवले. तो नाल्यात पडला, जागीच गेला. मोटार पसार.

ठाण्यात कागद तयार: ‘दारूच्या नशेत नाल्यात पडून मृत्यू.’ त्या दिवशी दीक्षाभूमीवर पंचशील म्हणून आलेला माणूस, आणि दारू? वास कोणी घेतला होता?

बाईचा जबाब एकच. “साहेब, गाडीले डोयेच नोयते. समोरून सपाट.”

हवालदार हसला. “डोये नोयते तं नाक होतं का, बाई?”

“मी खोटं बोलून राहिली का? तुमी होते का तिथं?”

दोन दिवसांनी खबर आली. एका संत्रा व्यापाऱ्याची विलायती मोटार दसऱ्याची पूजा करून तिगावकडे गेली होती. त्याच्या आजोबांनी आणलेली, पण घडण अशी की आजच्या गाड्या तिच्यापुढे बैलगाड्या. गोदामात गेलो. समोर दोन मोठे दिवे, टक्क उघडे.

“पाहून घ्या, साहेब,” व्यापारी म्हणाला. “बाईची गाडी आंधयी, माही डोळस. आन हे तं वर्सभर हालली नाही.”

मी गाडीजवळ गेलो की तो मध्ये येई. मला तेच खटकले. मडगार्डवर कुंकवाचे स्वस्तिक होते, पण अर्धेच. दिव्याच्या कडेशी रेघा कापल्यासारख्या तुटलेल्या.

“अर्धं कोण काढतं?”

“बायकोनं काढलं. कुंकू सरलं असन.”

दसऱ्याच्या पूजेत कुंकू सरते? मी आत बसलो. स्टिअरिंगशेजारी छोटे हँडल होते.

“जाम हाये ते, साहेब!”

मी जोर लावून फिरवले. दिवा मडगार्डच्या पोटात उलटला आणि झाकण बाहेर आले. त्यावर स्वस्तिकाचा उरलेला अर्धा भाग, आणि मधोमध खोल पोचा. दिवा उघडा ठेवला की मार खाल्लेला पत्रा आत दडत होता. ज्याने अशी गाडी घडवली त्याला सलाम. ज्याने तिच्याआड माणूस मारल्याचे लपवले, त्याला बेड्या.

बाईला ओळखीसाठी आणले. दुसरा दिवाही आत वळवून ठेवला होता. सपाट तोंडाची गाडी तिने पाहिली. “हेच ते.” मग हवालदाराकडे वळली. “आता इचारा नाकाचं.”

मोटारवाल्याचे सांगणे पुरावा आणि मजूर बाईचे सांगणे भ्रम, हे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? पुढे नोकरीभर मी साक्षीदाराचे न पटणारे वाक्य आधी जसेच्या तसे लिहून घ्यायला लावले. हसायचे असेल तर नंतर हसा.

‘दारूच्या नशेत नाल्यात पडून’ हे शब्द मी तिच्यासमोर खोडले, वर ‘मोटारीच्या धडकेने’ लिहिले, सही केली. ती उठेना.

“आता वाचून दाखवा, साहेब. साऱ्या ठाण्याले आयकू जाऊ द्या.”

मी उभा राहून वाचले.