फुटलेल्या काचेचा क्लेम

कॅमेऱ्याचा विमा काढावा का, दुकानदार गळ्यात मारतो तो प्रोटेक्शन प्लॅन घ्यावा का, असं फोटोग्राफीचा धंदा करणारी पोरं मला अधूनमधून विचारतात. तेव्हा भिवंडीत पोलीस अधिकारी असतानाची एक केस डोळ्यांपुढे येते आणि निवृत्तीनंतरही माझं डोकं तापतं.

सकाळची हजेरी आटोपली होती. लग्नाचे फोटो काढणारा एक तरुण पोलीस ठाण्यात आला. आदल्या संध्याकाळी अंजूर गावात हळदीचं काम होतं, मांडवाशेजारच्या गोदामाच्या आवारात गाडी लावली होती आणि गाडीची काच फोडून कॅमेऱ्याची बॅग चोरीला गेली, अशी त्याची फिर्याद. संशय कुणावर, असं विचारताच त्याने गोदामाच्या वॉचमनकडे बोट दाखवलं.

वॉचमन डोंगराकडच्या पाड्यावरचा आदिवासी, उतारवयाचा माणूस. त्याला आणून बाकावर बसवलं. माझा एक हवालदार म्हणाला, "साहेब, दोन ठेवून दिल्या की बोलेल." मी त्याला गप्प केलं. गरीब माणूस समोर आला की तपास संपला असं समजणारे लोक आमच्या खात्यात होते, आणि त्यांचा मला कायम संताप येई.

"काच फुटल्याचा आवाज आला म्हनून मी धावलो," वॉचमन म्हणाला. "गाडीजवल हाच उभा व्हता. मला म्हनला, जा तू, काय न्हाय झाला."

फिर्यादी उसळला. "खोटं बोलतोय साहेब! स्वतःच्या गाडीची काच कोण फोडेल?"

प्रश्न बरोबर होता. मी फिर्यादीला आणि पंचांना घेऊन अंजूरला गेलो. काचेचा चुरा सीटवर पडला होता, म्हणजे काच बाहेरूनच फोडलेली. मग डिकी उघडायला लावली. चाकाचे नट खोलायचा पाना कापडात गुंडाळून जागच्या जागी ठेवलेला होता. कापड सोडवलं, तर पान्याच्या दांड्यावर पिवळीधमक बोटं उमटलेली आणि टोकाला काचेची बारीक कणी.

आमच्या या पट्ट्यातली हळद ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे फक्त नवरदेवाला हळद लागत नाही. बँजोचा ताफा वाजू लागला की वाढप्यापासून फोटोवाल्यापर्यंत सगळ्यांना नाचात ओढतात आणि माखून टाकतात. वॉचमन त्या मांडवात फिरकलाही नव्हता. आणि काच फोडल्यावर पाना कापडात गुंडाळून मालकाच्याच डिकीत ठेवणारा चोर मी तरी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही.

मी फिर्यादीला म्हणालो, "हात दाखव." त्याची नखं अजून पिवळी होती.

मग सगळं बाहेर आलं. हळदीत याला नाचायला ओढलं, तेव्हा बॅग खुर्चीवर ठेवली होती. परत येऊन बघतो तर बॅग नाही. घाबरून त्याने, कॅमेरा आणि प्रोटेक्शन प्लॅन जिथून घेतला त्या दुकानातल्या सेल्समनला फोन लावला. प्लॅन देताना "सगळं कव्हर आहे" म्हणणारा तो गृहस्थ आता म्हणाला, उघड्यावरून गेलेली वस्तू यात बसत नाही, फोडाफोडी दिसायला हवी. गाडी आहे ना तुझ्याकडे? आणि मांडवात कुणाला विचारत बसू नकोस, नाहीतर क्लेम गेला समज.

सेल्समनला बोलावून घेतलं. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. "साहब, मैंने तो सिर्फ कंडिशन बताई थी." फोनवरचं बोलणं सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. तो सुटला.

मी फिर्यादीला घेऊन हळदीच्या घरी गेलो. वऱ्हाड निघायच्या तयारीत होतं. नवरदेवाची आत्या त्याला बघताच कडाडली, "अरं, सकालपासून तुजी वाट बगतो! फोन पन उचलत न्हाय?" मी बॅगेचं विचारलं. तिने कमरेची किल्ली काढली, दागिन्यांचं कपाट उघडलं आणि बॅग त्याच्या हातात दिली. "पोरं नाचत व्हती, हलद लागंल म्हनून मीच उचलून ठेवली. तू इचारला न्हाय, मी सांगितला न्हाय."

एक शब्द. एक शब्द विचारला असता तर संपत होतं! खोटी फिर्याद दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई झाली, आणि व्हायलाच हवी होती.

विमा जरूर काढा. ज्या यंत्रावर पोट आहे, त्याचा काढायलाच हवा. पण प्लॅन वेगळा आणि चोरीचा विमा वेगळा. काय मिळणार नाही, ते विकत घेण्याआधी लेखी मागा. लेखी म्हटल्यावर विकणारा पळाला, तर तुमचं भलं झालं असं समजा. आणि नुकसान झालंच तर ते सोसा, पण दुसऱ्या माणसाच्या अंगावर ढकलू नका.

मी ठाण्यात परतलो, तेव्हा वॉचमन बाकावरच होता. त्याला म्हटलं, "जा बाबा, तुझ्यावर काही नाही." तो उठला नाही.

"साहेब, मी चोर न्हाय असा कागद देशाल का? ठेकेदारानं दुसरा मानूस ठेवला, आताच निरोप आला."

असा कागद पोलीस ठाण्यात मिळत नाही. मी त्याला जीपमध्ये बसवून स्वतः त्या वॉचमन पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे नेलं आणि घडलेलं सगळं सांगितलं. ठेकेदाराने मला खुर्ची दिली, चहा मागवला, माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मग दारात उभ्या असलेल्या त्या माणसाकडे न बघता म्हणाला, "तुमचं बरोबर आहे साहेब. पण पोलिसांनी नेलेला माणूस मी गेटवर कसा ठेवू?"