गुलाबदाणीचा तपास

सावंतवाडीचा गुरुदत्त ओमानमध्ये निझवा शहराबाहेरच्या खजुरीच्या बागेतल्या एका थोरल्या घरात बावीस वर्षं स्वयंपाकी होता. हाताला चव होती, पण जीव रहस्यकथांत. मस्कतमधल्या रुवीच्या मराठी मंडळाच्या नाटकात एकदा तो इन्स्पेक्टर झाला, आणि तेव्हापासून भुवई उंचावल्याशिवाय मीठसुद्धा मागेना.

एका शुक्रवारी पाहुणे जेवून निघाले. अर्बाब, म्हणजे घरचे मालक, स्वतः त्यांना मस्कतला पोचवायला गेले. मागे नोकरमंडळी आवरायला घेतात, तर बैठकीतली चांदीची गुलाबदाणी गायब! गुरुदत्तला स्फुरण चढलं. ड्रायव्हर, माळी, सगळ्यांना त्याने बैठकीत उभं केलं. येरझारा घातल्या, नेमका विराम घेतला आणि बोट रोखलं ते दापोलीच्या रशीदावर. तांदळाच्या भाकऱ्या भाजायला ती होती.

"गुलाबदाणी शेवटी कुणाच्या हातात होती? हाताला वास कुणाच्या येतोय? आणि मान कुणी खाली घातलीय?"

"गुलाबपाणी मीच भरलं, तर वास येणार नाय काय?" रशीदा म्हणाली. "आणि सगळ्यांसमोर असं बोललात, तर मान वर कशी ठेवू, भाऊ?"

त्याने तिची पेटी उघडायला लावली. नमाजाची चटई, कोकमाची पुडी, लेकीचा फोटो. माळ्याने तोंड फिरवलं.

संध्याकाळी अर्बाब परतले. "गुलाबदाणी? पाहुण्याला आवडली. देऊन टाकली. खलास!"

गुरुदत्तची कानशिलं तापली. पाहुण्याने वाखाणलेली वस्तू इथले लोक तिथल्या तिथे देऊन टाकतात, हे त्याला नवं होतं का? त्याच्या मनगटावरचं घड्याळ तसंच तर मिळालेलं! मग आठवलं का नाही? कारण दुपारी पाहुण्यांनी रशीदाच्या भाकरीची वाहवा केली होती आणि त्याच्या बिर्याणीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

तो चुलीपाशी जाऊन पुटपुटला, "रशीदा, चुकलं माझं."

"आता का कुजबुजता? आरोप बैठकीत, नि माफी इथं?"

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा सगळ्यांना बोलावलं. बिर्याणीच्या हेव्यापासून सगळं सांगितलं. सांगताना आवाज दोनदा बसला. ड्रायव्हरला हसू फुटलं. रशीदाला नाही.

"ऐकलं," ती म्हणाली. "तुमचं मन हलकं झालं असेल. माझी पेटी या सगळ्यांनी बघितली, ती बघितलीच."

आणि ती पीठ मळायला निघून गेली.