रेणूंवरच्या रेघा

बाबा बुटीबोरीच्या एका कारखान्यात कापडाच्या छपाईसाठी निळा रंग कालवतात. मी नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत त्याच निळ्या रंगाचे रेणू बघते. चारचौघांत मी हे मिरवून सांगते, पण बाबांना त्याचं कधी अप्रूप नव्हतं. "आमच्याकडे रंग पोत्यानं येते. तू त्याचा कणभर तुकडा घेऊन काय पाहून राहिली एवढी वर्षं?" असं त्यांचं म्हणणं.

त्या उन्हाळ्यात घरात भांडण चालू होतं ते त्यांच्या खोकल्यावरून. आई म्हणायची, खोकून खोकून झोप लागत नाही यांना. बाबा म्हणायचे, "मले काही नाही झालं. हिचे कानच तिखट आहेत." आमच्याकडे कूलरचा एवढा घरघराट, की पलीकडच्या खोलीतलं मला काही ऐकूच येत नसे. आई खरं सांगते की वाढवून, ते कळायला मार्ग नव्हता. दवाखान्याचा विषय काढला की बाबा बाहेर निघून जायचे. एकदा छातीचं काही निघालं की रंगखात्यातून काढतील, घरी बसवतील, ही त्यांची भीती. मी तशी तापट. दोनदा ताट बाजूला सारून उठले, तरी ते बधले नाहीत.

मग एका रविवारी काय मनात आलं कोणास ठाऊक, स्वतःच म्हणाले, "चाल, दाखव तुझा रंग."

आमचं यंत्र दिसायला अगदीच साधं आहे, मोठ्या कुकरएवढं, रबरी दोऱ्यांवर टांगलेलं. आत एक सुई असते. ती सोन्याच्या पातळ थरावर पसरलेल्या रेणूंना न टेकता, अगदी जवळून, शेतात पेरणीची तिफण फिरावी तशी इकडून तिकडे फिरते आणि संगणकावर ओळीमागून ओळ उमटत चित्र पुरं होतं. जरा कुठे हादरा बसला की त्या ओळीवर पांढरी रेघ. शेजारच्या खोलीतला कूलरसुद्धा चालत नाही तिला. म्हणून भर मे महिन्यात आम्ही कूलर बंद करून घाम पुसत बसतो.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ श्वास धरून बसले, मग उठले. "लय गरमी आहे वं इथं. मी बाहेर बसतो." बाहेर आमच्या भिंतीला लागून बाक आहे, त्यावर जाऊन बसले. मी दार लावलं आणि सुई सुरू केली.

चित्र सुरेख येत होतं. चार-चार पाकळ्यांचे रेणू, एकाशेजारी एक. मग एक पांढरी रेघ आली. पुन्हा पाकळ्या. मग दोन रेघा लागोपाठ. कूलर बंद होते, रविवार असल्यामुळे इमारतीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी दार उघडलं. बाबांनी रुमाल घाईघाईने खिशात कोंबला.

"खोकताय का?"

"नाही वं. पाणी पिऊन राहिलो."

मी आत येऊन बसले. रेघा थांबल्या नाहीत. दाराबाहेर आवाज नव्हता, ते तोंड दाबून खोकत होते, आणि इकडे ओळीमागून ओळ खराब होत होती. इतके दिवस आई एकटीच हे ऐकत होती. बाबांचा भयंकर राग आला आणि तेवढीच भीती वाटली. मी यंत्र थांबवलं नाही. चित्र पुरं होऊ दिलं आणि त्यांना आत बोलावलं.

"या पाकळ्या आहेत ना, तो तुमचा निळा रंग."

ते वाकून बघत राहिले. खूश झाले होते, दिसत होतं. "अन् ह्या रेघा काहून?"

"तो तुमचा खोकला."

"मी तर बाहेर होतो."

"बाहेरूनच आलाय."

ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. वरच्या रेघेवर बोट ठेवलं, मग खालच्या, मग त्याच्या खालच्या. तळाशी तर रेघांना रेघा चिकटल्या होत्या, एक पाकळी धड दिसत नव्हती. बोट तिथे थांबलं.

"उद्या सकाळीच जाऊ दवाखान्यात," ते म्हणाले. "पण हे तुझ्या आईले नको दाखवू."