कॅमेऱ्यावरचा आळ

कारखान्यात त्याला शेडमास्तर म्हणत. गाड्यांना रंग मारायच्या खात्यात तो रंगाची शेड, म्हणजे छटा, जुळवायचा. चेपलेला दरवाजा सरळ करून पुन्हा रंगवला की जुन्या पत्र्याशेजारी तो उपरा दिसता कामा नये, एवढंच काम. ज्याला हे सोपं वाटतं त्यानं एकदा करून बघावं. डबा ढवळायचा, पट्टीवर हात मारायचा, वाळू द्यायचा, उजेडात न्यायचा, बघायचं आणि थेंबभर काळा घालून पुन्हा पहिल्यापासून. नव्या माणसाला मास्तर पहिल्याच दिवशी दरडावायचा, "टक लावून बघत बसू नकोस. डोळा लबाड असतो. एकाच रंगाकडे बघत राहिलास की त्याला तोच खरा वाटायला लागतो. जरा राखाडी भिंतीकडे बघ आणि मग परत ये."

निवृत्तीनंतर हात रिकामे झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी लग्न होऊन परगावी. दोन खोल्यांत तो आणि त्याचा धाकटा भाऊ. भाऊ शिंपी, बिनलग्नाचा. दिवसभर खिडकीतल्या मशीनवर बसलेला. त्याला सगळे बारक्या म्हणत, कारण अंगानं तो पिंप होता.

मास्तरनं कॅमेरा घेतला. आत आरसा नसलेला, मिररलेस. दुकानवाल्या बाईंनी सांगितलं, महिनाभर वापरा, नाही पटला तर बदलून देऊ. माहितीपत्रकातल्या आकड्यांवर मास्तरचा विश्वास नव्हता. डब्यावर काय छापलंय ते वाचून गाडी रंगत नाही, पत्र्यावर मारून बघावं लागतं. म्हणून तो कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडला. विटांची भिंत चारी कोपऱ्यांपर्यंत स्पष्ट येते का, वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी भर उन्हात घड्यांसकट दिसतात का, जिन्याखालच्या अंधारात आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, वाढवला की सायकलीवर किती दाणे येतात, हे त्यानं एकेक करून तपासलं. पळणारं कुत्रं टिपायला तो तिन्हीसांजेला गल्लीत गुडघे टेकून बसला. प्रत्येक फोटो घरी संगणकावर मोठा करून बघितला. खोट सापडेना.

चेहऱ्यासाठी बारक्या होताच. तो बसल्या जागेवरून हलत नाही, हलतात ते फक्त पाय.

"दादा, पोट आत घेऊ का?"

"पोट राहिलंय कुठे? शेवटी नावाला जागलास म्हणायचं."

"जेवणच जात नाही रे हल्ली. वय झालं."

"मग मी काय करावं? गप बस. हलू नकोस."

फोटो सुरेख आला. सुईतला दोरा दिसत होता, भुवईचा केस न् केस वेगळा होता. फक्त चेहरा पिवळा. डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा पिवळट. मशीनवर त्या दिवशी हळदीच्या रंगाचा पडदा होता. मास्तर म्हणाला, पडद्याची झाक पडली. दुसऱ्या खेपेला मशीनवर राखाडी विजार होती, तरी चेहरा पिवळाच. मग दोष बल्बवर गेला. बल्ब बंद करून बघितलं, तेव्हा दोष भिंतीच्या रंगावर गेला. कामात एक नियम असतो. एकाच खोटीला तीनदा नवं कारण शोधावं लागलं, तर खोट बघणाऱ्यात असते. मास्तरला हा नियम पाठ होता. कारखान्यात.

बारक्या दंड खाजवत मागे येऊन उभा राहिला.

"दादा, मी खरंच असा दिसतो?"

"तू नाही रे, कॅमेरा. याला कातडीचा रंग जमत नाही."

"नक्की ना? सकाळी आरशात मलाही जरा तसंच…"

"जन्मभर रंग जुळवले मी. तुला जास्त कळतं का मला?"

"तुला," बारक्या म्हणाला आणि मशीनवर जाऊन बसला.

तो चेहरा मास्तर रोज सकाळी चहासमोर बघत होता. पिवळा थेंबाथेंबानं चढत गेला आणि डोळा त्याला सरावत गेला. कॅमेरा मात्र नवा होता. त्याला सवय लागलेली नव्हती.

मास्तर दुकानात तक्रार घेऊन गेला. बाईंनी सगळे फोटो पुढेमागे करून बघितले.

"मास्तर, यांच्या हातातला शर्ट पांढरा आहे आणि पांढराच आलाय. चहावाल्याचा चेहरा बरोबर, तुमच्या शेजारणीचा बरोबर. कॅमेऱ्याचा राग फक्त तुमच्या भावावर आहे का?"

मास्तरही हसला. पण हट्ट सोडला नाही. शेवटी बाईंनी कातडीतला पिवळा संगणकावर कमी कसा करायचा ते दाखवलं. घरी येऊन त्यानं तो हळूहळू उतरवला. घाई नाही, धसमुसळेपणा नाही, अगदी पट्टी जुळवावी तसा. बारक्याचा चेहरा छान गव्हाळ झाला. तो फोटो मुलीला पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, "काका किती टवटवीत दिसतोय!" मास्तरला बरं वाटलं. कॅमेरा ठेवून घ्यायचं ठरलं.

मग मुलगी चार दिवस राहायला आली. दारातच तिच्या हातून पिशवी सुटली.

"बाबा, काकाचे डोळे!"

"काय झालं डोळ्यांना?"

"पिवळे जर्द आहेत! रोज समोर बसून चहा पिता ना तुम्ही? दिसत नाही तुम्हाला?"

त्यानं वळून बघितलं. आणि त्याला दिसलं.

बारक्याचं अंग तेव्हा तापलेलंच होतं. पित्ताशयातला खडा नळीत अडकून आत पू झाला होता. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डोळे कधीपासून पिवळे आहेत?"

"काय की," बारक्या म्हणाला.

मास्तरला माहीत होतं. फोटोवर तारीख असते. तो गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं. त्यानं तारीख सांगितली. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"मग तेव्हाच का नाही आणलंत? खडा काढून दोन दिवसांत यांना घरी पाठवलं असतं. आता आधी हा पू काढायचा, ताप उतरतोय का बघायचं, मग पुढचं."

"मला वाटलं, कॅमेऱ्याचा दोष आहे."

त्यांना काही कळलं नाही. मुलीला कळलं.

बारक्या वाचला. मधे दोन रात्री अशा गेल्या की डॉक्टर दारातच उभं राहून बोलायचे आणि लगेच निघून जायचे. तो शुद्धीवर आल्यावर मास्तर त्याच्या खाटेशी वाकला.

"तू विचारलं होतंस मला."

"हो."

"आणि मी तुझं तोंड बंद केलं."

"मलाही तेच ऐकायचं होतं रे दादा. डॉक्टरकडे जायची हौस कुणाला असते?"

त्यानं शिवी घातली असती तर मास्तरला सोसली असती. ही माफी फारच सहज आली. ती ठेवायला त्याच्याकडे जागाच नव्हती.

घरी आल्यावर त्यानं मूळ फोटो उघडून ओळीनं बघितले. एकाही फोटोत चूक नव्हती. मग आपण सुधारलेले फोटो त्यानं पुसून टाकले. मुलीला फोन करून म्हणाला, "तुझ्याकडचा तेवढा पूस." ती म्हणाली, "राहू द्या ना बाबा, काका छान दिसतो त्यात."

बारक्या आता मशीनवर थोडा वेळच बसतो. पाठीत कळ येते, मग आडवा होतो. बरीच गिऱ्हाईकं दुसऱ्या शिंप्याकडे गेली. लग्नाचे कपडे असले तर मास्तर स्वतःच नको म्हणून सांगतो. भाऊ आतून ओरडतो, "अरे, मला विचार तरी!"

रक्त तपासून घ्यायला अधूनमधून जावं लागतं. बारक्याला त्याचा कंटाळा. परवा तो खाटेवरून उठेना.

"कशाला सुया टोचून घ्यायच्या दर वेळी? हे बघ, डोळे पांढरे आहेत की नाहीत? इथं उजेडात ये. तूच सांग."

त्यानं खालची पापणी बोटानं ओढून धरली. डोळा बहुधा पांढराच होता. मास्तर उजेडात गेला नाही. कोपऱ्यातून त्यानं भावाच्या चपला आणल्या आणि त्याच्या पायाशी ठेवल्या.

"अरे बघून तरी सांग!"

"मला विचारू नकोस," मास्तर म्हणाला. "पाय घाल."